खानापूर भागात १५ दिवसांची स्टुडिओ रेसिडेन्सी: माती, भट्टी आणि दिवसांचा हिशेब

कौलारू
डिसेंबरात खानापूर तालुक्यात सहा जणांची पंधरा दिवसांची रेसिडेन्सी ठरते आहे. दोघं मातीकाम करणारे, दोघं शिल्पकार, एक जण लाकडाचे ठसे करणारा आणि एक चित्रकार. जागा म्हणजे जुनी कौलारू पडवी, पाणी भरपूर. भट्टी विजेची, आतून ४५ × ४५ × ६० सेंमी. शेवटच्या दिवशी गावकऱ्यांना आणि बेळगावच्या मंडळींना काम बघायला बोलवायचं आहे. प्रश्न तीन. माती स्थानिक घ्यावी की पुण्या-मुंबईहून तयार मागवावी? पंधरा दिवसांत ग्लेझपर्यंत, म्हणजे भाजून बसवलेल्या काचेसारख्या लेपापर्यंत, पोचता येतं का? आणि एका शिल्पकाराला एखादा तुकडा धातूत ओतून हवा आहे, ते बेळगावात जमेल का?

चाकमाती
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार. दिवस पुढून मोजू नका, शेवटून मोजा.

पंधराव्या दिवशी पाहुणे, म्हणजे चौदाव्या दिवशी सकाळी भट्टी उघडलेली हवी. भट्टी थंड व्हायला पुरता एक दिवस आणि वर एक रात्र द्या. मग शेवटची भाजणी बाराव्या दिवशी. ग्लेझ करायचं तर त्याआधी कच्ची भाजणी, ती थंड होणं, ग्लेझ लावून वाळणं, हे सगळं बसवावं लागतं. म्हणजे पहिली भाजणी आठव्या दिवशी, भट्टी उघडणार दहाव्या दिवशी. आठव्याला भाजायचं तर पाचव्या दिवशी संध्याकाळी हात थांबले पाहिजेत, कारण वाळायला किमान अडीच-तीन दिवस लागतात. पहिला दिवस माती ओळखण्यात जातो. राहिले किती? चार.

ग्लेझ सोडलं आणि एकाच भाजणीत काम संपवलं, तर आठव्या दिवसापर्यंत हात चालतात. कामाचे दिवस चाराचे सात होतात. ग्लेझची चाचणी न करता नव्या मातीवर ग्लेझ मारणं हा तसाही जुगारच. एवढ्या छोट्या मुक्कामात ग्लेझचा हट्ट धरू नये असं स्पष्ट मत आहे. पृष्ठभागाला काय करायचं ते खाली लिहितो.

भट्टीची जागा पहिल्याच दिवशी वाटून टाका. ६० सेंमी उंचीत तीन मजले बसतात, प्रत्येकी साधारण १८ सेंमी कामाची उंची. उरलेलं शेल्फची जाडी, खालचे ठोकळे आणि वरची मोकळी जागा खाते. एका मजल्याचे दोन भाग केले की सहा जणांना सहा वाटे. भिंतीतल्या कॉइलपासून, म्हणजे तापणाऱ्या तारांपासून, दोन-अडीच सेंमी अंतर सोडायचं. कुणाला उंच काम करायचंच असेल तर ते दोन तुकड्यांत करून भाजल्यावर जोडावं. हा वाटा जमिनीवर खडूने आखून ठेवा. नाहीतर अकराव्या दिवशी भट्टी लावताना भांडणं ठरलेली.

तांबडी_माती
माती स्थानिकच घ्या. खानापूरची कौलं, विटा आणि मडकी या मातीवरच उभी आहेत. खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही याच गावात आहे, ती उगीच नाही. मात्र ‘स्थानिक’ म्हणजे शेतातली वरची माती नव्हे. कुंभाराला विचारायचं ते ‘जेडी मण्णु’, म्हणजे चिकण माती. नुसतं ‘केंपु मण्णु’ म्हणालात तर तांबडी मुरमाड माती भरून ट्रॉली दारात उभी राहील. वाळूला इकडे ‘उसुकु’, भुशाला ‘होट्टु’. मराठीत बोललं तरी भागतंच म्हणा, पण ट्रॉली रिकामी झाल्यावर चूक कळण्यापेक्षा हे चार शब्द बरे.

हिशेब असा. माणशी ४० किलो ओली माती धरली तर सहा जणांना २४० किलो. त्यात साधारण २२ टक्के पाणी, म्हणजे कोरडा माल १८७ किलोच्या आसपास. त्यातला पाचवा हिस्सा ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, ३७-३८ किलो. उरली १५० किलो माती. चाळताना खडे-मुळं निघून दहा-पंधरा टक्के जातात, म्हणून कच्ची माती १७५ किलो मागवा. पावणेदोन क्विंटल म्हणा.

ग्रॉगसाठी फुटकी मंगलोरी कौलं कुटा. ३० नंबरच्या जाळीतून (इंचाला ३० भोकं) चाळा, मग ८० नंबरच्या जाळीवर धूळ उडवून टाका. मधला जाड माल तेवढा ठेवा. विटांचे तुकडे वापरायचे असतील तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. वीट खणखणीत भाजलेली हवी, नाहीतर पाण्यात परत चिखल होतो. आणि तिला जुना चुना किंवा सिमेंट चिकटलेलं नको. चुन्याचा ज्वारीच्या दाण्याएवढा कण जरी आत राहिला तर भाजणी चांगली होते, सगळे खूश होतात, आणि आठवड्याभरात तो कण हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि पृष्ठभागावरून टिकली उडवतो. मध्ये पांढरा ठिपका दिसला की समजायचं चुनाच. काळ्या रानाच्या बाजूची माती असेल तर तिच्यात चुनखडीचे खडे असतातच. तपासायला मातीवर थोडं ॲसिड किंवा कडक व्हिनेगर टाकून बघा; फसफसली तर ती माती परत पाठवा.

आणि हे सगळं कलाकार यायच्या आधी दहा दिवस. सुकं ढेकूळ फोडून पाण्यात टाकायचं (ओलं ढेकूळ नीट विरघळत नाही, आधी खडखडीत वाळवा), दोन-तीन दिवस मुरू द्यायचं, ४० नंबरच्या जाळीतून गाळायचं, वरचं पाणी काढून कापडावर किंवा विटांच्या थरावर पसरायचं. डिसेंबरच्या हवेत तीन-चार दिवसांत मळण्याजोगी होते. जुलैत हेच दोन आठवडे झाले तरी होणार नाही. घाटाजवळच्या, धो-धो पावसाच्या कणकुंबीच्या बाजूला तर पावसाळ्यात माती वाळवायची भाषाच सोडा.

कौलारू
आभार दोघांचे. किती आकसते ही माती? आणि किती डिग्रीपर्यंत भाजता येईल?

तांबडी_माती
ते प्रत्येक खड्ड्याचं वेगळं, म्हणून पहिल्या दिवशी पट्ट्या करा. १४ सेंमी लांब, ४ रुंद, १ जाड. ओल्यावर सुईने बरोबर १० सेंमीची रेघ मारायची. वाळल्यावर रेघ ९.३ झाली तर सात टक्के, भाजल्यावर ९.१ झाली तर एकूण नऊ. म्हणजे भाजून ३० सेंमी हवं असलेलं काम ओलं असताना जवळपास ३३ सेंमीचं करावं लागेल. ग्रॉग जास्त तर आकसणं कमी.

पट्टीवर नंबर पेन्सिलने लिहू नका, जळून जातो. टोचून लिहा, नाहीतर गेरूच्या पाण्याने ब्रशने लिहा.

तापमानाचं म्हणाल तर ही लोहयुक्त लाल माती ९५० ते १००० पर्यंत सुखात असते. ११०० च्या पुढे नेलीत तर काही माती फुगते, काही बसते, आणि वितळली तर शेल्फला चिकटून शेल्फच घालवते. पट्टी आधी जवळच्या कुणाच्या भट्टीत भाजून मिळाली तर सोन्याहून पिवळं.

चाकमाती
पृष्ठभागाबद्दल सांगायचं राहिलं होतं. लाल मातीला टेरा सिजिलाटा. ग्लेझ नाही, मातीचेच सगळ्यांत बारीक कण वेगळे काढून लावलेला पातळ थर.

२ लिटर पाणी (पावसाचं किंवा फिल्टरचं असेल तर उत्तम, बोअरच्या जड पाण्याने कण खाली बसतात), त्यात ५ ग्रॅम सोडियम सिलिकेट (हे मातीचे कण पाण्यात सुटे ठेवतं) विरघळवायचं, मग १ किलो सुक्या मातीची पूड. काट्यावर मोजा, अंदाजे ओतू नका. सिलिकेट जास्त झालं तर सगळं उलट घट्ट होतं. काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरणीत ढवळून ठेवा आणि वीस तास अजिबात हलवू नका. बरणीवर कपडा टाका म्हणजे कुणी उचलून बघणार नाही. दुसऱ्या दिवशी तीन थर दिसतात: वर पाणी, मध्ये पातळ लाल, तळाला गाळ. वरचं पाणी नळीने ओढून टाका, मधला थर नळीनेच काढून घ्या, गाळ टाकून द्या. बरणी वाकडी करून ओतलीत की तळ उठतो आणि वीस तास वाया. मधल्या थराचे १०० मिलि वजनाला ११० ते ११५ ग्रॅम भरले पाहिजेत. कमी भरले तर झाकण उघडं ठेवून पाणी उडू द्या.

खडखडीत वाळलेल्या कामावर मऊ ब्रशने तीन पातळ हात. प्रत्येक हाताची चकाकी गेली की पुढचा. तिसऱ्यानंतर लगेच बोटाला पॉलिथिनची पिशवी गुंडाळून घासा. काही सेकंदांत तुकतुकीत होतं, जुन्या मडक्याच्या गळ्यासारखं. थर जाड झाला तर वाळताना साल सुटते. आणि भाजणी ९५० च्या वर नेलीत तर ही चमक मंदावते. म्हणून या मुक्कामासाठी ९५० हाच आकडा धरा.

दगडूशेठ_नव्हे
फिल्टरचं पाणी, काटा, बरणीवर कपडा... लोणचं घालताय की शिल्प?

चाकमाती
लोणच्यालाही बरणी हलवलेली चालत नाही की हो.

पडवीतला
एक सूचना. शिल्पकारांना सांगून ठेवा की आत हवेचा बुडबुडा राहिला की भट्टीत स्फोट होतो. ठोकून ठोकून मळा. पोकळ काम असेल तर भोक पाडा.

चाकमाती
पडवीतले दादा, मळायचं बरोबर, भोकही बरोबर, पण कारण चुकतंय. बुडबुडा फोडत नाही, पाणी फोडतं. हवा गरम झाली तर थोडी दाबते, सच्छिद्र मातीतून निघून जाते. पाण्याची वाफ मात्र १०० च्या वर एकदम शेकडो पट जागा मागते. जाड भागात आतपर्यंत ओल राहिली असेल तर बुडबुडा असो वा नसो, तुकडे होणारच. हे नीट कळलं तर लोक भोक पाडून निर्धास्त होणार नाहीत. बंद पोकळ कामाला भोक हवंच, कारण आतली ओल निघायला वाट लागते.

जाडी कुठेही १२ मिमीच्या वर नको. शिल्पाचा गोळा भरीव घडवला असेल तर चामड्यासारखा कडक झाल्यावर तारेने कापा, आतून कोरून काढा, कडा ओरखडून त्याच मातीचा दाट घोळ लावून परत जोडा.

भाजणी:
अकराव्या दिवशी संध्याकाळी भट्टी लावा. झाकणाचं भोक उघडं ठेवून ८० ते ९० अंशांवर रात्रभर, किमान आठ तास. सकाळी भोकासमोर थंड आरसा किंवा काचेचा तुकडा धरा. धुरकटला तर अजून थांबा. इथे घाई करून वाचतात दोन तास आणि जातात पंधरा दिवस.
मग तासाला ६० अंश या गतीने ६०० पर्यंत. ३५० ते ६०० च्या दरम्यान मातीतलं बांधलेलं पाणी निघतं आणि ५७३ ला क्वार्ट्झ एकदम फुगतो.
६०० नंतर तासाला १००. या तांबड्या मातीत कुजका पाला, मुळं भरपूर असतात. ७०० ते ९०० मध्ये भोक उघडंच ठेवा म्हणजे ते जळून जायला हवा मिळेल. नाहीतर तुकडा मोडल्यावर आत काळा गर दिसतो, अर्धकच्च्या विटेसारखा.
९५० ला पंधरा मिनिटं थांबवून बंद. सकाळी सहाला ९० वरून निघालात तर संध्याकाळी सहा-साडेसहा होतात.
उतरताना परत ५७३ लागतं. २०० ला झाकण उचलून डोकावलात तर टक् असा आवाज येतो आणि चीर जाते. १०० च्या खाली येऊ द्या.

उद्यमबाग_पॅटर्न
विजेचं आधी बघा. या मापाची भट्टी ९ किलोवॅटच्या आसपास असते; थ्री फेजवर फेजमागे साडेबारा अँपिअर. जुन्या घरात सिंगल फेज आणि पातळ वायर असेल तर नाद सोडा. गावाला थ्री फेज किती तास आणि कोणत्या वेळेला असतो हे विचारून भाजणीची वेळ ठरवा. कंट्रोलर (भट्टीचं तापमान चढवणारं यंत्र) असा घ्या की वीज आल्यावर जिथे सोडलं तिथून पुढे चालेल; काही कंट्रोलर शून्यापासून सुरू होतात, काही पूर्ण वेगाने चढवतात. भट्टी ३०० अंशांवर असताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही, झाकण बंद ठेवा आणि आल्यावर सावकाश चढवा.

धातूचं. बेळगावात फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, भरपूर; उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत नुसतं फिरलात तरी पॅटर्न शॉप दिसतील. पॅटर्न म्हणजे वाळूच्या मोल्डमध्ये आकार उठवायचा नमुना. पण त्यांचं काम शेकड्याने चालतं. एका तुकड्यासाठी लाइन थांबवणार नाहीत. म्हणून तयारी तुमच्याकडून पक्की हवी.

पॅटर्न लाकडाचा किंवा एमडीएफचा, वर पॉलिश. मातीचं कच्चं काम घेऊन जाऊ नका, मोल्डची वाळू ठोकताना चुरा होतो. उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्या, नाहीतर पॅटर्न वर काढताना वाळू सोबत येते. उलटा खाचा, अंडरकट असेल तर कोअर, म्हणजे मोल्डमध्ये बसवायचा वाळूचा वेगळा तुकडा, लागतो आणि खर्च वाढतो. पहिल्या वेळी एका बाजूने सपाट असा उठाव करा. आकसणं धरून पॅटर्न मोठा करा: बीडाला (ओतीव लोखंडाला) एक टक्का, ॲल्युमिनियमला १.३ टक्के. २० सेंमीच्या तुकड्याला ॲल्युमिनियमसाठी अडीच-पावणेतीन मिमी जास्त.

बीड की ॲल्युमिनियम? एक लिटर आकारमानाला बीड सुमारे ७.२ किलो, ॲल्युमिनियम २.७. बीडाचा रस १३५० च्या वर ओततात, ॲल्युमिनियम ७०० ते ७४० ला. पातळ, बारीक नक्षी बीडात अर्धवट भरते, आणि एकदम जाड-एकदम पातळ असा आकार असेल तर थंड होताना सांध्यावर तडकतो. जाडी सारखी ठेवा, ६ मिमीच्या खाली जाऊ नका. कोपरे गोल करा. रनर-रायझर, म्हणजे रस जायच्या वाटांमध्ये गोठलेला जादा धातू, कापून घासून देणं दरात धरलंय का ते आधी विचारा; नाहीतर शिंगं फुटलेला तुकडा हातात येतो.

पॅटर्न चौथ्या दिवशी पोचवला तर तेराव्या दिवशी ओतकाम हातात यावं अशी आशा धरता येते. आशा म्हणालो, शब्द नव्हे.

ठसेवाला
ठसेवाल्याच्या वाट्याला फार कुणी आलं नाही म्हणून थोडक्यात. तेलाची शाई डिसेंबरात दोन-चार दिवसांत वाळते, म्हणून चार रंगांचा ठसा करायचा तर पहिला रंग तिसऱ्या दिवशी कागदावर पडलाच पाहिजे. प्रेस नसेल तर पातळ हातकागद आणि स्टीलच्या पळीची पाठ पुरते. जाड कागदाला पळीचा जोर पुरत नाही. हत्यारं रॉकेलने नको, आधी गोडेतेलाने पुसा मग साबणाने.

गंमत ही की कोरलेला ठोकळा मातीच्या पाटीवर दाबला तर उलटा उठाव मिळतो. ठोकळ्यावर कॉर्नस्टार्च चोळा म्हणजे चिकटत नाही. तेल चोळलंत तर खाचेत माती अडकते आणि मग तो ठोकळा कागदावर नीट छापत नाही. म्हणून आधी कागद, नंतर माती.

टिळकवाडीकर
नववा ते अकरावा दिवस हात रिकामे असतात, वाळायची वाट बघत. लोक याच दिवसांत कंटाळून कामाला हात लावतात आणि मोडतात. त्या दिवसांत बाहेर काढा त्यांना. बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती हे जैन मंदिर आहे, १२०४ चं. त्याच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून काढायला बसलं की पाकळी कुठे जाड, कुठे पातळ, भार कुठे उतरतो हे हाताला कळतं. हलशीची कदंबकालीन देवळं खानापुरातूनच जवळ. संरक्षित वास्तूवर कागद ठेवून रबिंग, म्हणजे घासून उठाव, घ्यायचं असेल तर आधी परवानगी. स्केचला अडचण येत नाही.

संध्याकाळच्या चर्चेचं एक गणित बसवा. रोज दोघंच, प्रत्येकी वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं ज्याचं काम आहे त्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी फक्त काय दिसतं ते सांगायचं: ‘डावी बाजू जड’, ‘इथे बोटाचे ठसे ठेवलेत, तिथे पुसलेत’. ‘छान’ आणि ‘आवडलं’ हे शब्द बंद. मग दहा मिनिटं त्याने उत्तर द्यायचं. सहा जणांची एक फेरी तीन दिवसांत होते, आठव्या दिवसापर्यंत दोन फेऱ्या बसतात. त्यानंतर हात लावता येत नाही, म्हणून चर्चाही बदलते. तेव्हा पुढच्या कामाबद्दल बोला.

वहीत रोज तीन गोष्टी: काय केलं, काय फसलं, उद्या आधी काय करायचं. फसलेल्या तुकड्याचा फोटो आधी, जमलेल्याचा नंतर.

पडवीतला
बुडबुड्याचं मान्य. मग वाळताना चिरा का पडतात ते पण सांगा एकदाच.

चाकमाती
कडेला चीर म्हणजे कड आधी वाळली, पोट ओलं राहिलं. डिसेंबरात पडवीत वारा सुटतो तेव्हा हेच होतं. कडेवर ओल्या फडक्याची पट्टी, वर पॉलिथिन. काम जमिनीवर नको, फळीवर वर्तमानपत्र घालून ठेवा म्हणजे आकसताना सरकेल.
तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर म्हणजे चाकावर तळ दाबलाच नाही. लाकडी पट्टीने मध्यातून बाहेर, बाहेरून मध्यात, दोन-तीनदा दाबा.
कान किंवा जोड सुटला म्हणजे एक भाग ओला, दुसरा वाळका. दोन्ही एका पिशवीत रात्रभर ठेवून सारखे करा, मगच जोडा.
काम सुरू असताना भेग दिसली तर नुसतं पाणी लावून पुसू नका, ती आत जाऊन लपते आणि भाजताना बाहेर येते. ती सुईने उकरून त्याच मातीचा व्हिनेगरमध्ये कालवलेला घोळ भरा.

आणि एक, सगळ्यांसाठी. संध्याकाळी पडवी झाडू नका. सुक्या मातीची धूळ छातीत बसते. ओल्या फडक्याने पुसा. ग्रॉग कुटणाऱ्याला एन-९५ मास्क.

कौलारू
शेवटचं विचारतो. परत नेताना काय? दोघं पुण्याला, एक जण मुंबईला रेल्वेने जाणार.

तांबडी_माती
भातगिरणीतून भाताचं तूस आणा, खानापुरात त्याला तोटा नाही. दोन पोती पुरतील. ९५० ला भाजलेली लाल माती मजबूत असते पण कड ठिसूळच. प्रत्येक तुकडा आधी वर्तमानपत्रात, मग खोक्याच्या तळाशी चार बोटं तूस, तुकडा, सगळीकडून तूस, दाबून भरा. खोकं हलवून बघा. आत काही सरकलेलं जाणवलं तर अजून भरा. सिजिलाटाच्या कामाला थेट तूस लागू देऊ नका, ओरखडे पडतात. आत मऊ सुती कापड गुंडाळा. खोक्यावर बाण काढा, पण बाण वाचला जाईल या भरवशावर राहू नका, कसंही पडलं तरी टिकेल असं भरा. न भाजलेलं काम मात्र नेऊच नका. ते मोडून बादलीत टाका, पुढच्या गटाला माती होते.